रेच एका दिवसाचा, पथ्य पंधरवड्याचे

पचनसंस्थेच्या शुद्धीसाठी आयुर्वेदाने तीन मोठे उपचार सांगितले आहेत. वमन म्हणजे औषध देऊन ओकारी करवणे, विरेचन म्हणजे जुलाब करवणे आणि बस्ती म्हणजे गुदमार्गे काढा किंवा तेल देणे. पंचकर्मातले हे तीन उपचार पोटाशी थेट संबंधित असल्याने ‘पोट साफ’ करून घेऊ पाहणाऱ्यांची गर्दी त्यांच्याकडेच वळते.

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाबाहेरच्या पहाडगंजात ही गर्दी वेगळ्या प्रकारची असते. मेन बझारच्या गल्ल्यांत 1970 च्या दशकापासून परदेशी प्रवाशांसाठी स्वस्त लॉज उभे राहिले. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन याच भागात असल्याने दिल्लीला येणाऱ्या मराठी माणसालाही हा परिसर परका नाही. लॉज आणि ट्रॅव्हल एजन्सींच्या शेजारीच मालिश व पंचकर्माच्या पाट्या दिसतात. पण येथे उतरणारा बहुतेक माणूस दोन-तीन रात्रींचा पाहुणा असतो. त्याची पुढची गाडी ठरलेली असते आणि शास्त्रोक्त विरेचनाला दोन-तीन आठवडे लागतात. हा वेळ कापून टाकला की उपचारातला फक्त जुलाब उरतो, आणि सगळा धोका तिथेच सुरू होतो.

हे दिवस कशासाठी लागतात, ते क्रमाने पाहिले म्हणजे कळते. आधी दीपन-पाचन, म्हणजे भूक वाढवणारी व अन्न पचवणारी औषधे काही दिवस दिली जातात. मग स्नेहपान. साधे किंवा औषधी तूप रोज सकाळी वाढत्या मात्रेत, तीन ते सात दिवस. किती दिवस हे कोठ्यावर, म्हणजे पोट किती सहज साफ होते त्यावर ठरते. मृदू कोठ्याच्या माणसाला थोडक्यात पुरते, क्रूर कोठ्याच्या माणसाला सात दिवस लागू शकतात. त्यानंतर अंगाला तेल आणि वाफेचा शेक. एवढे झाल्यावर विरेचनाचा दिवस येतो. निशोत्तर, बहाव्याचा मगज, एरंडेल यांसारखी द्रव्ये माणसाची ताकद पाहून दिली जातात आणि वेग, म्हणजे जुलाबांची संख्या, मोजली जाते. ग्रंथांत कमी शुद्धीसाठी 10, मध्यमासाठी 20 आणि उत्तमासाठी 30 वेग सांगितले आहेत. आजचे जाणते वैद्य मात्र आकड्यामागे लागत नाहीत. रुग्णाची नाडी, रक्तदाब आणि थकवा पाहून ते थांबतात, आणि तेच योग्य आहे.

जुलाब थांबले तरी उपचार संपत नाही. यापुढचा संसर्जन क्रम बाजारात सर्वांत आधी गाळला जातो. पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचे बिनफोडणीचे कढण, मग फोडणीचे, असे करत तीन, पाच किंवा सात दिवसांनी रोजच्या जेवणावर यायचे असते. रिकाम्या झालेल्या आतड्यावर त्याच संध्याकाळी छोले-भटुरे पडले, तर पोटदुखी आणि पुन्हा जुलाब हे ठरलेलेच.

प्राचीन वैद्यांना हे धोके नीट ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पंधरावा अध्याय शोधनापूर्वीच्या, म्हणजे अशा शुद्धीपूर्वीच्या तयारीवरच आहे. वारा न लागणारे घर, सेवा करणारी माणसे, भांडी, अंथरूण यांबरोबरच उपचार बिघडला तर लागणारी औषधेही आधीच जवळ ठेवावीत, असे तो सांगतो. सिद्धिस्थानाच्या सहाव्या अध्यायात वमन-विरेचनाच्या दहा व्यापदा, म्हणजे उपद्रव येतात. पोटफुगी, गुदाला कात्री लावल्यासारखी वेदना, अंग आखडणे आणि रक्त जाणे या त्यांतल्याच. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणारच नाही’ असे सांगून रेच विकणारा माणूस आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथालाच खोटे पाडत असतो.

आधुनिक शरीरशास्त्राच्या भाषेतही हे मांडता येते. जुलाबांतून पाण्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियम जातात. पोटॅशियम फार उतरले की स्नायू गळतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना हा धोका अधिक, मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्याहूनही गंभीर. मधुमेहाच्या रुग्णाने औषध चालू ठेवून उपाशी राहणे म्हणजे साखर एकदम खाली जाण्याला आमंत्रण. एरंडेलातले रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंप्रमाणेच गर्भाशयाच्या स्नायूंनाही आकुंचित करते, म्हणून गर्भवतीने ते स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. ग्रंथांनीही गर्भवती, लहान मुले, वृद्ध, दुर्बल, नुकताच ताप आलेले आणि अतिसार झालेले यांना विरेचन वर्ज्य सांगितले आहे.

यातला अतिसार पहाडगंजच्या संदर्भात फार महत्त्वाचा. परक्या गावाचे पाणी बाधून जुलाब लागलेला प्रवासी ‘एकदा आतून सगळे साफ होऊ दे’ म्हणून रेच घेतो, तेव्हा तो आजारात भर घालतो. त्याला गरज असते ती जलसंजीवनीची. औषधाच्या दुकानात तिचे पाकीट मिळते. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ जास्त पडू देऊ नये. ऋतूचाही विचार हवा. विरेचनाला शरद, वमनाला वसंत आणि बस्तीला पावसाळा योग्य मानला जातो. महाराष्ट्रात वासंतिक वमनाची शिबिरे भरतात ती याच हिशेबाने. दिल्लीच्या मे-जूनमधल्या उन्हात, घामाने आधीच पाणी जात असताना जुलाबाचे औषध देणे शास्त्राच्या विरुद्ध आहे.

आतड्यांत वर्षानुवर्षे ‘विष’ साठते आणि ते धुऊन काढावे लागते, या दाव्याला वैद्यकीय आधार नाही. त्याज्य द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अखंड करत असतात. या ‘विषा’शी जोडला जाणारा आयुर्वेदातला ‘आम’ ही तर अपुऱ्या पचनाची संकल्पना आहे. यंत्राने कित्येक लिटर पाणी आत सोडून आतडे धुण्याच्या पद्धतीला बस्ती म्हणणेही चूक. निरूह बस्तीत काढा, तेल, मध व सैंधव यांचे मिश्रण साधारण अर्धा ते एक लिटर असते आणि ते वैद्य ठरवतो. यंत्राच्या धुण्यात क्षार बिघडल्याच्या आणि क्वचित आतड्याला छिद्र पडल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या आहेत. मीठ घातलेले कोमट पाणी पीत करायचे शंखप्रक्षालन ही हठयोगाची क्रिया. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती टाळावी.

घरगुती उपायांत त्रिफळा आणि इसबगोल तुलनेने सौम्य. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा, नाहीतर तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. सोनामुखीची चूर्णे महिनोन्‌महिने रोज घेणे चांगले नाही. शरीरातले पोटॅशियम घटते आणि कोठा औषधावाचून हलेनासा होतो. जमालगोटा असलेल्या गोळ्यांना तर घरात जागाच नको. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत जमालगोटा आहे आणि अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना सक्तीची आहे. अशा काही गोळ्यांत पाराही असतो. 2008 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेली 193 आयुर्वेदिक उत्पादने तपासली. त्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले. सुट्या पुडीतले किंवा उत्पादन परवाना क्रमांक नसलेले औषध म्हणूनच घेऊ नये.

पहाडगंजात राहणाऱ्याला चांगला सल्ला दूर शोधावा लागत नाही. पश्चिमेला लागूनच करोलबाग आहे. तेथील आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेज हकीम अजमल खान यांनी उभारले. 13 फेब्रुवारी 1921 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दक्षिण दिल्लीत सरिता विहारला 2017 पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान आहे. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय पातळीवरची नोंद तेथेच ठेवली जाते. खासगी केंद्रात गेल्यास वैद्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारावा, चालू असलेली सगळी औषधे सांगावीत आणि नंतरच्या पथ्याचे दिवस लेखी घ्यावेत. रेच घेतल्यावर शौचातून रक्त पडले, चक्कर आली, लघवी थांबली, छातीत धडधड झाली किंवा पोट ताठ होऊन दुखू लागले, तर वैद्याच्या फोनची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. घेतलेल्या औषधाचे वेष्टन बरोबर न्यावे, म्हणजे पोटात काय गेले हे डॉक्टरांना लगेच कळते.