वळिवड्याच्या शाळांचा खर्च कुणी केला?

कोल्हापूरच्या पूर्वेला, काही मैलांवरच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात पोलिश भाषेतल्या शाळा भरत होत्या. एखाददुसरा वर्ग नव्हे. बालवाड्या, प्राथमिक शाळा, वर माध्यमिक शाळा, जोडीला बालवीरांची पथकं, नाटकं, चर्च. छावणीत सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बाया आणि मुलं. ही मुलं आली कशी हे ऐकून आपण थक्क होतोच. पण मला त्याहून नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. या शाळांचा खर्च कोण करत होतं?

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी चालून आला आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया. पुढच्या दोन वर्षांत रशियाने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टालिनला पोलंडशी समझोता करून या माणसांना सोडावं लागलं. सुटका झालेले पुरुष जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात गेले. त्यांच्या मागोमाग बायका-मुलं इराणात उतरली, आणि त्यांतली काही हजार माणसं कराचीमार्गे वळिवड्याला पोहोचली.

त्याआधीच, १९४२ मध्ये, पोलिश मुलांचा पहिला मोठा गट जामनगरजवळच्या बालाचडीला आला होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी स्वतः जागा दिली, इतर संस्थानिकांकडून मदत मिळवली आणि मुलांना आपल्याला ‘बापू’ म्हणायला सांगितलं. ही देणगीची रीत आपल्या ओळखीची आहे. कुणाला तरी कळवळा येतो आणि तो थैली सोडतो.

वळिवड्याचं गणित निराळं. छावणी हिंदुस्थान सरकारने उभारली, पण तिच्या खर्चाचा भार पोलंडच्या सरकारवर होता. आणि त्या सरकारच्या ताब्यात पोलंडची वीतभर जमीन नव्हती! ते लंडनमध्ये बसलेलं, ब्रिटनने दिलेल्या कर्जावर चालणारं सरकार. तरीही ते एकाच वेळी इराण, पॅलेस्टाईन, हिंदुस्थान आणि पूर्व आफ्रिकेत आपल्या मुलांच्या शाळा चालवत होतं. त्यांच्यासाठी पोलिश पाठ्यपुस्तकं जेरुसलेममध्ये छापली जात. युद्धाच्या ऐन धुमाळीत, दारूगोळ्याला पैसा पुरत नसताना, कुणीतरी बसून व्याकरणाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होतं. मुलं परत जातील तेव्हा देश चालवायला शिकलेली माणसं लागतील, हा हिशेब त्यामागे होता.

हा पैसा छावणीत कसा फिरत होता, तेही पाहण्यासारखं आहे. कौलारू बराकींत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र बिऱ्हाड होतं. सरसकट पंगत न वाढता कुटुंबाला महिन्याचा भत्ता मिळे आणि स्वयंपाक घरचा घरी होई. त्यामुळे या बाया बाजारात जात, घासाघीस करत. कोल्हापूरचे काही दुकानदार आणि फेरीवाले चक्क पोलिश बोलायला शिकले. शाळांत शिकवणारेही बहुतेक छावणीतलेच. शिक्षकाच्या हाती पडलेला पगार म्हणजे एका विस्थापित घराची चूल आणि वर्गभर मुलांचा अभ्यास, दोन्ही एकाच रकमेत. शाळेच्या खर्चातला मोठा वाटा इमारतीचा असतो असं आपल्याला वाटतं. बराकीत वर्ग भरतो, झाडाखालीही भरतो; शिक्षकाचा पगार थांबला की मात्र तो मोडतो.

आणि पगार थांबण्याची वेळ आलीच. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने वॉर्सामधल्या नव्या, रशियाच्या कह्यातल्या सरकारला मान्यता दिली. लंडनचं सरकार एका दिवसात कागदावरून पुसलं गेलं. ज्याच्या नावावर शाळेचा खर्च पडत होता, तो धनीच उरला नाही. खर्च आधी ब्रिटिश अर्थखात्याच्या एका हंगामी समितीकडे गेला, मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेकडे, पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे. पाच वर्षांत पैशाचे धनी इतके बदलले, तरी छावणी उठेपर्यंत वर्ग भरत राहिले. मला हे वळिवड्यातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

विस्थापित मुलांच्या शाळांचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. जगातल्या शाळकरी वयाच्या निर्वासित मुलांपैकी जवळपास निम्मी शाळेबाहेर आहेत. आपत्तीतल्या मदतीच्या शंभर रुपयांतले जेमतेम तीन-चार शिक्षणाला मिळतात, कारण पाणी, अन्न, तंबू आधी. ते बरोबरही आहे. पण अडचण रकमेपुरती नाही. देणारी सरकारं आपापल्या अंदाजपत्रकाप्रमाणे बहुधा वर्षाच्या बोलीने पैसे देतात, आणि मूल शिकायला दहा-बारा वर्षं घेतं. खास शिक्षणासाठी २०१६ मध्ये ‘एज्युकेशन कॅनॉट वेट’ हा जागतिक निधी उभा राहिला, त्याचा एक हेतू हीच फट बुजवण्याचा होता.

ही फट किती रुंद असू शकते, ते २०१८ मध्ये दिसलं. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी १९५० पासून काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या सातशेवर शाळांत सव्वापाच लाख मुलं शिकत होती. सर्वांत मोठा देणगीदार असलेल्या अमेरिकेने त्या वर्षी हात आखडता घेतला. शाळा उघडायच्या की नाही, असा पेच पडला. ऑगस्टच्या मध्यावर संस्थेने जाहीर केलं की शाळा वेळेवर उघडतील, पण तिजोरीत पैसे सप्टेंबरअखेरपर्यंतचेच आहेत. शाळा उघडल्या. मग अनेक देशांनी आपापला वाटा वाढवला आणि वर्ष संपेपर्यंत तूट भरून निघाली. जानेवारीत नव्या वर्षाच्या पैशांची जुळवाजुळव पुन्हा सुरू झाली. त्या सप्टेंबरात पहिलीत बसलेल्या मुलाची नववी व्हायला तेव्हा आणखी आठ वर्षं होती.