डोळे गेलेले मांजर घरी आणण्यापूर्वी

कामगार वस्तीत मांजरांचा वावर नाही अशी चाळ सापडणे कठीण. जिन्याखाली, मासळीबाजारात पाट्यांच्या आसपास, पडक्या भिंतीआड ती जन्मतात, उंदीर मारतात आणि आपल्या ताटातल्या उरल्यासुरल्यावर जगतात. धडधाकट आहे तोवर मांजर सर्वांचे असते. पाय मोडला, डोळे गेले की ते कोणाचेच राहत नाही. मग कोणीतरी पोत्यात घालून त्याला लांब सोडून येते.

आमच्या घरी गेली चार वर्षे दोन्ही डोळे नसलेली एक भाटी आहे. नाव मनी. दहा बाय बाराची खोली, माणसे पाच, कमावणारे दोघे, असे आमचे घर. तेव्हा हा काही श्रीमंतांचा शौक नव्हे. वस्तीतल्या एका ताईंनी रस्त्यावरून उचलून दवाखान्यात नेलेले हे पिलू आम्ही घेतले, तेव्हा शेजारीपाजारी आणि नातेवाईक एकच विचारत होते, "धडधाकट मांजरे काय कमी आहेत?" प्रश्न चुकीचा नाही. हातावर पोट असलेल्या घराने तो विचारलाच पाहिजे. चार वर्षांत त्याचे जे उत्तर आम्हाला मिळाले, ते वाचक भगिनी-बांधवांपुढे ठेवत आहोत.

डोळे जातात कसे?

मागच्या जन्मीचे पाप, कोणाची दृष्ट, असले काही त्यामागे नसते. रस्त्यावरच्या पिलांना सर्दीचा एक साथीचा आजार होतो. त्याला 'कॅट फ्लू' म्हणतात. मांजरांचा हर्पीस विषाणू हे त्याचे एक मोठे कारण. पिलू शिंकते, नाक वाहते, डोळे चिकटतात. चिकटलेल्या पापण्यांआड पू साचतो, बुबुळावर जखम होते आणि उपचार मिळाला नाही तर बुबुळ फुटते. डोळे वेळीच पुसून डॉक्टरांनी दिलेले औषध घातले, तर पुष्कळ पिलांची दृष्टी वाचते. निकामी होऊन दुखणारा डोळा मात्र डॉक्टर काढून टाकतात आणि पापण्या शिवतात. ऐकायला हे क्रूर वाटते, पण त्यामुळे रोजची वेदना थांबते.

हा विषाणू बहुतेक मांजरांच्या अंगात जन्मभर दडून राहतो. जागा बदलली, घरात दुसरे जनावर आले, अंगात अशक्तपणा आला की शिंका पुन्हा सुरू होतात. माणसाला तो होत नाही, परंतु दुसऱ्या मांजराला होतो. म्हणून घरात आधीचे मांजर असेल तर त्याला लस टोचून घ्यावी आणि नवे पिलू काही दिवस वेगळे ठेवावे.

लहान खोलीचा फायदा

आंधळे मांजर चाचपडत, रडत बसेल अशी आमचीही कल्पना होती. तसे झाले नाही. मांजराच्या मिशांच्या मुळाशी मज्जातंतूंचे दाट जाळे असते. मिशा, कान आणि नाक यांच्या आधारे ते खोलीचा नकाशा मनात तयार करते. मोठ्या बंगल्यापेक्षा आपली एक खोली त्याला लवकर पाठ होते. अट एकच, वस्तूंची जागा बदलायची नाही. पाण्याचे पिंप, कॉट, शिलाई मशीन जिथे आहेत तिथेच राहिले पाहिजेत. खाण्याची ताटली एका कोपऱ्यात, तर रेतीचे घमेले तिच्यापासून दूर मोरीजवळ असावे.

हात लावण्याआधी नाव घेऊन हाक मारावी. अचानक उचलल्यास मांजर घाबरून ओरबाडते. ही शिस्त मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी. गॅस किंवा स्टोव्ह पेटलेला असताना कोणीतरी जवळ थांबावे. गॅलरीला आणि खिडकीला जाळी हवीच. असे मांजर बाहेर मोकळे सोडायचे नसते, कारण त्याला रस्त्यावरच्या गाड्या आणि कुत्री चुकवता येत नाहीत.

खाणे आणि औषधे

मांजर हे मांसाहारी जनावर आहे. त्याच्या शरीराला 'टॉरिन' नावाचे द्रव्य लागते आणि ते मांस-मासळीतूनच मिळते. नुसत्या दूधभातावर ठेवलेल्या मांजराचे हृदय कमजोर होते, चांगली नजरही जाऊ शकते. उकडलेली कोंबडी, काटे काढलेली उकडलेली मासळी आणि जोडीला मांजरांचे तयार खाद्य द्यावे. कलेजी अधूनमधून थोडीच द्यावी. सुकट खारट असते म्हणून टाळावी. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात देऊ नये, त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

सर्वात महत्त्वाची गोष्ट औषधांची. अंग तापले म्हणून आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. जखमेवर डेटॉल लावू नये, आणि फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर मांजराला जाऊ देऊ नये. ते पाय चाटते आणि विष पोटात जाते. मांजराने दिवसभर काही खाल्ले नाही तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा. बोका लघवीला वारंवार बसतो पण लघवी होत नाही, असे दिसले तर रात्रही जाऊ देऊ नये.

खर्च आणि काम

मोठा खर्च पहिल्या वर्षी येतो. डोळ्यांचे ऑपरेशन, लसी आणि नसबंदी त्यातच येतात. पुढे दरमहा खाद्य, दरवर्षी रेबीजची लस आणि सर्दी उलटली की औषध. आम्ही पगाराच्या दिवशी एका डब्यात ठरावीक रक्कम टाकतो, ती दुसऱ्या कामाला काढत नाही. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे. ते १८७४ साली स्थापन झालेल्या प्राणी संरक्षक संस्थेचे आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तर तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात. तेथे आधी चौकशी करावी.

पैशाइतकाच कामाचाही प्रश्न आहे. मांजर आणायला घरातले सगळे तयार असतात, पण रेती बदलणे, डोळ्यांच्या खाचा पुसणे, दवाखान्यात ताटकळणे हे सारे शेवटी घरातल्या बाईच्या अंगावर पडते. ती आधीच दोन पाळ्यांत राबत असते. म्हणून कामाची वाटणी मांजर येण्यापूर्वीच व्हावी. आमच्याकडे घमेले शाळेत जाणारा मुलगा साफ करतो. यात आरोग्याचाही भाग आहे. मांजराच्या विष्ठेतून 'टोक्सोप्लाझ्मा' नावाचा परजीवी येऊ शकतो आणि तो गर्भाला घातक असतो. त्याची अंडी बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून रेती रोज साफ करावी, आणि गरोदर स्त्रीने ते काम करू नये. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन तडक सरकारी रुग्णालयात जावे.

अपशकुन कोणाचा?

आंधळे जनावर घरात आणले की घर बसते, असे आम्हाला एका मावशींनी बजावले होते. या चार वर्षांत आमच्या घरी आजारपण आले, ओव्हरटाइम बंद झाला, आणि थोरली बारावी पासही झाली. यातले काहीही मांजरामुळे झाले नाही. ती मात्र रोज संध्याकाळी जिन्यातल्या पावलांवरून कोण आले हे ओळखते आणि दाराशी येऊन बसते. मावशीही आता आल्या की आधी तिला हाक मारतात.

तरीही सर्वांनी असे मांजर आणावे, असे आम्ही म्हणणार नाही. दहा-पंधरा वर्षे सांभाळण्याची तयारी आहे का? घरमालकाची हरकत नाही ना? घरात कोणाला दमा आहे का? गावी गेल्यावर त्याच्याकडे कोण बघणार? ही उत्तरे आधी मिळवा. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत पाळलेले जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ज्यांना जमणार नाही त्यांनी स्पष्ट नाही म्हणावे, त्यात कमीपणा नाही. परंतु जिन्याखाली डोळे चिकटलेले पिलू दिसले, तर स्वच्छ कापूस कोमट पाण्यात भिजवून त्याचे डोळे पुसावेत, मग हात साबणाने धुवावेत आणि त्याच दिवशी पिलू दवाखान्यात पोहोचवावे. तेवढ्याने त्याची नजर वाचू शकते.