लोड न घेणारं मशीन

देवबागच्या किनाऱ्यावर मशीन पहिल्याच दोरीला सुरू होतं. मंद, एकसारखं चालतं, बाजूने पाण्याची धारही नीट पडते. जाळी, बर्फ आणि माणसं चढली, थ्रॉटल पुरता पिळला, की मात्र आवाज बसतो. होडीचं नाक वर राहतं आणि वेग काही धरत नाही. मच्छीमाराच्या भाषेत मशीन ‘लोड घेत नाही’. आउटबोर्ड मोटारीचं हे सगळ्यांत फसवं दुखणं. कर्ली नदीच्या मुखाशी लाट फुटते, तिथे ते जिवावरही बेतू शकतं.

फसवं अशासाठी, की पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. अर्ध्या फेऱ्यांवर पूर्ण ताकदीचा जेमतेम आठवा हिस्सा पुरतो. तेवढं काम अर्धवट तुंबलेला जेट किंवा कमजोर कॉइलही निभावून नेते. म्हणून पाण्याच्या पिंपात मशीन बुडवून, थोडी रेस देऊन ‘ठीक आहे’ म्हणणारा मेकॅनिक मला पटत नाही. हा दोष शोधायचा तर समुद्रात, भरल्या होडीनेच शोधावा.

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात दीड अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटार विकायला सुरुवात केली. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा, पाण्याखाली गिअर आणि पंखा ही मांडणी आजही तीच आहे. दुखणीही बरीचशी तीच.

पहिला संशय इंधनावर घ्यावा. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो घट्ट राहिला, तर टाकीत पोकळी तयार होते आणि काही मिनिटांत पेट्रोल ओढलं जाईनासं होतं. एवढ्याशा स्क्रूपायी लोक कार्ब्युरेटर खोलून बसतात! खरी परीक्षा दोघांनी करायची. एकाने सुकाणूवर बसून पूर्ण थ्रॉटल द्यायचा, दुसऱ्याने टाकीजवळ उकिडवं बसून नळीवरचा रबरी हातपंप मुठीत धरायचा. मशीन दम सोडू लागलं की पंप दाबत राहायचं. लगेच उचल मिळाली, तर इंजिनावरच्या इंधनपंपाचा पडदा गेलेला असण्याची शक्यता मोठी. नळीच्या जोडातून हवा शिरत असली तरी असंच होतं. हातपंप चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर अडथळा त्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीत किंवा तिथून येणाऱ्या नळीत. पंप टणक राहिला आणि तरीही फरक पडला नाही, तर फिल्टर, कार्ब्युरेटर आणि प्लगकडे वळावं.

मासेमारीवरची पावसाळी बंदी उठल्यावर ही तक्रार हटकून येते. मशीनमध्ये उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट थर मुख्य जेटमध्ये बसतो. मंद चालीचा मार्ग वेगळा असल्याने किनाऱ्यावर काही कळत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा शोषतं, आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. नळी नेमकी तिथूनच ओढते. बंदीपूर्वी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करण्याची पंधरा मिनिटं कुणी वाचवू नयेत. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनमध्ये काजळीची भर पडते, तिथे प्लग वरचेवर काढून पाहावेत.

पाण्याची धार बारीक झाली, तर थंड करणाऱ्या पंपाची रबरी चकती पाहावी. खाडीतली वाळू ती झिजवते. बरीच नवी फोर-स्ट्रोक मशीनं तापली, की स्वतःच फेऱ्या कमी करतात.

आवाज चढतो, पण होडी पुढे सरकत नाही, ही तक्रार निराळी. पंखा आणि दांडा यांच्यामध्ये बऱ्याच मशीनांत रबरी बुश असतो. खडकाचा धक्का बसला, तर गिअर वाचवायला तोच सरकतो, आणि एकदा सुटला की लोडवर घसरत राहतो. बुशच्या आतल्या धातूपासून पंख्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि भरल्या होडीने फेरी मारून यावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर राहिले नसतील, तर बुश बदलावा. रेघ जुळलेली असेल, तर पंख्यामागे नायलॉनचा तंगूस गुंडाळला गेलाय का, तेही तिथेच पाहून घ्यावं; तो दांड्याचं सील कापतो आणि गिअरच्या तेलात खारं पाणी शिरतं.