विहिरीचा ताळेबंद आणि आयआयटी



उन्हाळ्यात संत्र्याच्या बागेला पाणी पुरेल का, ही आपल्या घराघरांतली काळजी. मुंबईच्या आयआयटीत याच प्रश्नाचा अभ्यास होतो.

ही संस्था १९५८ साली युनेस्को व सोव्हिएत संघाच्या मदतीने उभी राहिली. तेव्हा यंत्रे व तज्ज्ञ बाहेरून आले. पुढे २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठासोबत तिने बरोबरीच्या नात्याने संशोधन अकादमी काढली.

परदेशाशी नाते जोडताना खेड्याचा विसर पडला नाही. ग्रामीण भागाला उपयोगी तंत्रज्ञानासाठी १९८५ साली तेथे 'सितारा' केंद्र सुरू झाले. तेथील विद्यार्थी गावात राहून पाणी, शेती यांचा अभ्यास करतात. महाराष्ट्र शासनाच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार केली. शेजारच्या विदर्भातील गावेही या प्रकल्पात होती.

हा ताळेबंद सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. त्यातले काही ओढ्याने वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते, काही मुरून विहिरीला मिळते. मुरण्यापेक्षा उपसा वाढला, की विहीर आटणारच. मग शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर मारून प्रश्न सुटत नाही.

पालकांनी मुलांना सोबत घेऊन दर महिन्याला विहिरीची पातळी मोजावी व वहीत लिहावी. संशोधनाची सुरुवात अशा नोंदीनेच होते.