बैठकीपूर्वीची बैठक

नागोया, ता. १२ नोव्हेंबर

वाढलेले झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यावयाचे असले, तर येथील माळी कित्येक महिने आधी बुंध्याभोवती चर खणतो, दूरवर गेलेली मुळे छाटतो, आणि जवळ नवी तंतुमुळे फुटली, की मगच मुळांची माती गवती दोराने आवळून झाड हलवतो. या कामास ‘नेमावाशी’ म्हणतात. आणि बैठकीपूर्वीच्या विचारविनिमयासाठी जपानी कचेऱ्यांनी हाच शब्द उचलला आहे.

गेल्या आठवड्यात येथील एका कारखान्यात, यंत्रांची जागा बदलण्याविषयीच्या बैठकीस मी हजर होतो. प्रस्ताव मांडणाऱ्या तरुणाने पंधरा दिवस आधीपासून, देखभाल खात्याच्या वृद्ध मुकादमापासून हिशेबनिसापर्यंत प्रत्येकास गाठून हरकती ऐकल्या होत्या, मसुदा तीनदा फिरवला होता, आणि टेबलावर आला तो ए-३ आकाराचा एकच कागद : डावीकडे अडचण व तिची कारणे, उजवीकडे उपाय, जबाबदाऱ्या आणि तारखा. टोयोटामुळे ही एका कागदाची शिस्त जगभर गेली आहे. वीस मिनिटांत मंजुरी मिळाली.

या शिस्तीचे दुसरे अंग ‘होरेन्सो’. होकोकु म्हणजे अहवाल, रेनराकु म्हणजे वर्दी, सोदान म्हणजे सल्लामसलत. तिन्हींचे आरंभ जुळवले, की पालकाच्या भाजीचे जपानी नाव होते. यामाताने सिक्युरिटीज या पेढीचे अध्यक्ष तोमिजी यामाझाकी यांनी १९८२ साली हा शब्द प्रचारात आणला. आज तो नवख्या कारकुनांना पढवतात; यामाझाकींचा रोख मात्र वरिष्ठांकडे होता. खालच्या माणसाचे बोलणे, ते अप्रिय असले तरी, विनासायास वर पोहोचेल असे वातावरण त्यांनी निर्माण करावे, हा त्यांचा आग्रह; आणि माझ्या मते सारे मर्म येथेच आहे. मायदेशी माझ्या पहिल्या नोकरीत, साहेबांपुढे जाण्यास कोणी धजेना म्हणून मालातील दोष आठ दिवस दडवून ठेवलेला मी पाहिला आहे, आणि दडवणाऱ्यांत मीही होतो.

अर्थात या पद्धतीचा अतिरेकही होतो. ‘रिंगी’ नावाच्या रिवाजात मसुदा शिक्क्यांमागून शिक्के गोळा करीत खात्याखात्यांतून रेंगाळतो. २०२० साली सरकारनेच आपल्या दप्तरांतील बहुतेक शिक्के रद्द करण्याचे ठरवले. दर ताशी उत्पादकतेत जपान जी-७ राष्ट्रांत मागेच आहे. म्हणून मी येथील प्रत्येक रिवाजाची भलामण करणार नाही. परंतु ज्याच्यावर निर्णयाचा भार पडणार, त्याला त्याविषयी आधी विचारले जाते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बैठक संपताच तो तरुण प्रथम गेला तो त्या मुकादमाकडे. ज्या ओळीवर म्हाताऱ्याची हरकत होती, ती आता कशी लिहिली आहे हे त्याने बोट ठेवून दाखवले. आणि म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सारून, कागद डोळ्यांजवळ धरून, ती सावकाश वाचली.