खतखड्ड्यातली ऊब

पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या मागच्या भिंतीलगत जाळीदार वीटकामाचे दोन खतखड्डे शेजारी शेजारी दिसतात. एक भरत असतो तेव्हा दुसरा मुरत असतो. रोज सकाळी त्यात मेथीचे देठ, मटारची टरफले, चहाचा चोथा, केळीची साले पडतात. गणपतीत दूर्वा आणि झेंडूचे निर्माल्यही येते. हा सारा ओला कचरा म्हणजे साठवलेले ऊन आहे. नारायणगावचा टोमॅटो असो की पुरंदरचा मटार, पानांवर पडलेल्या उन्हातली जेमतेम एक टक्का ऊर्जा पिकाच्या अंगात उतरते. त्यातली थोडी माणसाच्या पोटात जाते आणि देठा-सालांतली खड्ड्यात येते. सोबत त्या शेतांच्या मातीतले नत्र, स्फुरद आणि पालाशही येते.

खड्डा सांभाळणारी व्यक्ती पुष्कळ ठिकाणी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची सभासद असते. 1993 साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था उभी राहिली. आधी पिशवीतले प्लॅस्टिक, रबरबँड, दुधाच्या पिशवीचे कोपरे हाताने वेगळे काढले जातात. मग ओला कचरा पसरून त्यावर सुक्या पाचोळ्याचा थर दिला जातो. शेण, ताक किंवा जुने खत विरजण म्हणून पडते. पाचोळा केवळ वास झाकण्यासाठी नसतो. जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस ते तीस भाग कार्बन लागतो. भाजीपाल्यात नत्र जास्त, पाचोळ्यात कार्बन जास्त, म्हणून दोन्ही हवेत. नुसता ओला कचरा टाकला तर उरलेले नत्र अमोनिया होऊन उडते आणि वास जिन्यापर्यंत येतो.

थर चांगला जमला की दोन-तीन दिवसांत ढीग तापू लागतो. आत खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढली तर हाताला चटका बसतो. थंडीत फावड्याने ढीग उलटताना वाफ निघते. आतले तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत चढते आणि तणांचे बी, रोगजंतू बहुतांशी मरतात. ही उष्णता म्हणजे पिकाने धरून ठेवलेले ऊन. जिवाणू सालींतली साखर आणि पिष्ट प्राणवायूच्या साहाय्याने मोडतात, थोडी ऊर्जा स्वतःच्या वाढीला वापरतात, बाकीची उष्णता होऊन हवेत जाते. ती परत कुणाच्याही कामी येत नाही. ऊर्जेचा प्रवास एकाच दिशेने असतो, म्हणून सूर्याला रोज नव्याने उगवावे लागते.

साखर संपली की ढीग निवतो आणि बुरशीची पाळी येते. पाचोळ्यातले चिवट लिग्निन मोडणे मुख्यतः तिलाच जमते. पांढुरके धागे दिसू लागतात, ॲक्टिनोमायसीट जिवाणूंमुळे पहिल्या पावसाच्या मातीचा वास सुटतो. गांडुळे, गोम, कोळी हजर होतात आणि त्यांच्या मागे दयाळ व सातभाई पाचोळा उलथत येतात. परिसंस्थांचे अभ्यासक रेमंड लिंडेमन यांनी 1942 साली तळ्याच्या अभ्यासातून दाखवले की अन्नसाखळीच्या एका पायरीवरून वरच्या पायरीवर ऊर्जेचा लहानसा हिस्साच पोहोचतो. ढोबळमानाने तो दहा टक्के धरतात. खड्ड्यात गांडुळे असंख्य आणि दयाळाची एखादीच जोडी, याचे कारण हेच.

दीड ते तीन महिन्यांनी खत चाळले जाते. ढीग निम्म्याहून कमी झालेला असतो, कारण कार्बन वायू होऊन आणि पाणी वाफ होऊन निघून गेले. स्फुरद आणि पालाश मात्र बहुतेक राहिलेले असते, नत्राचाही मोठा वाटा टिकतो. नारळाची करवंटी, आंब्याची कोय चाळणीवर अडकते. ती पुन्हा नव्या ढिगात जाते.

प्राणवायू मिळाला नाही तर वाट बदलते. बंद टाकीतले सूक्ष्मजीव ऊर्जा उष्णतेवाटे सोडण्याऐवजी मिथेनमध्ये अडकवून ठेवतात. शहरातल्या बायोगॅस प्रकल्पांत तोच वायू इंधन होतो. उघड्या कचरा डेपोतही मिथेन तयार होतो, पण तिथे तो नुसता हवेत सुटतो किंवा पेट घेतो. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी अशा आगींचा धूर आणि विहिरींत उतरलेले काळे पाणी वर्षानुवर्षे सोसले. पुरंदरच्या शेताचे सत्त्व परत शेतात न जाता दुसऱ्या गावाच्या विहिरीत जावे, ही शहराची चूक आहे आणि तिची किंमत शहराने मोजलेली नाही.

2016च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. तरीही पाचोळा पेटवण्याची सवय गेलेली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ आणि पर्जन्यवृक्ष पाने झाडतात तेव्हा गल्लोगल्ली धूर दिसतो. पाचोळा जळाला की त्यातली ऊर्जा आणि नत्र काही मिनिटांत हवेत जाते, राखेत थोडे पालाश आणि चुना उरतो. तोच पाचोळा पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावा. जुलैत ओला कचरा पाणी सोडू लागतो आणि खड्ड्यात घालायला सुके काही मिळत नाही, तेव्हा तो लागतो.