वाकडं बोट : आधी स्प्लिंट
बाळाची करंगळी मधल्या सांध्यात आत वाकलेली, सरळ करू गेलं तर अडते, पण दुखत नाही. ही बहुधा कॅम्प्टोडॅक्टिली. तिच्यावर पहिला उपचार स्प्लिंटचाच. ऑक्युपेशनल थेरपिस्ट थर्मोप्लास्टिकचा तुकडा साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ करतात आणि जरा निवला की बोटावर बसवून आकार देतात. वर वेल्क्रोची पट्टी. बोट जोर लावून सरळ करायचं नसतं. हलका ताण तासन्‌तास टिकला की आखडलेला भाग हळूहळू सैल होतो. मग स्प्लिंट पुन्हा तापवून नवा कोन द्यायचा. काम महिनोन्‌महिन्यांचं आहे, आणि खरी मेहनत आईबाबांची. स्प्लिंट काढल्यावर लाल वळ थोड्या वेळात गेला नाही किंवा बोटाचं टोक निळसर, थंड वाटलं, तर लगेच थेरपिस्टना दाखवा.

तळहातात मुडपलेल्या अंगठ्यालाही लहानपणीच स्प्लिंट लावल्यास चांगला गुण येतो. क्लिनोडॅक्टिलीत मात्र बोट बाजूला कलतं ते हाडाच्या आकारामुळे. तिथे स्प्लिंटचा उपयोग नाही. एरवी सुधारलेलं बोटही वाढीच्या वयात पुन्हा वाकू शकतं, म्हणून रात्रीचा स्प्लिंट परस्पर बंद करू नये.